सगळ्यांचा स्तोयान

स्तोयान कुठल्याही वस्तूला पाय लावत नसे. रस्त्यात कोकचा रिकामा डबा आडवा आला तर आपण काय करतो? पायानं सरकवतो आणि पुढे जातो. हा वाकायचा, डबा हातानं उचलायचा आणि कचऱ्याच्या पिंपात टाकायचा. पार्किंग लॉटमध्ये खेळणाऱ्या पोरांचा चेंडू घरंगळत त्याच्या बुटांपाशी आला की पोरं ओरडायची, "किक इट, मिस्टर!" पण हा गुडघ्यावर हात टेकून, कण्हत-कुंथत खाली वाकायचा, चेंडू दोन्ही हातांनी उचलायचा आणि देवळातला प्रसाद द्यावा तसा त्यांच्या हातात द्यायचा.

हे सगळं मी खिडकीतून बघायची. मला दुसरं कामच काय होतं? अमरावतीच्या मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, निवृत्त झाले, पाठोपाठ हे गेले, आणि मुलानं, मिलिंदनं, मला इथे शॉमबर्गला आणलं. शॉमबर्ग म्हणजे शिकागोच्या बाहेरचं, ऑफिसांचं आणि मोठमोठ्या पार्किंगचं गाव. सकाळी मिलिंद आणि सूनबाई शुभदा दोन गाड्या काढून दोन दिशांना जात, ते संध्याकाळी परत येत. मधल्या वेळात घरात मी आणि फ्रीजची घरघर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अमरावतीला फोन लावायचा तर रविवारची वाट बघावी लागे, आणि लागला तरी पलीकडून "हॅलो, हॅलो" एवढंच ऐकू येई.

"चांगल्या घरचा दिसतो हो तो समोरचा माणूस," मी एकदा शुभदाला म्हटलं. "कशाला पाय लावत नाही. कुणीतरी वळण लावलंय त्याला."

"आई, त्याचा गुडघा बॅड असेल," ती म्हणाली.

गुडघा खराब असलेला माणूस उठसूट वाकेल कशाला? पण सुनेशी वाद घालू नये.

ओळख झाली ती वांग्यामुळे. आमच्या स्वयंपाकघरात विजेची शेगडी होती, लाल होणाऱ्या गोल वेटोळ्याची. तिच्यावर वांगं भाजायला ठेवलं की वांगं एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं. दोनदा प्रयत्न केला, दोनदा छतावरचा धुराचा भोंगा वाजला आणि शुभदा ऑफिसातून येऊन खिडक्या उघडत बसली. भरताची आशाच सोडली होती मी. आणि अशात एका सप्टेंबरच्या दुपारी निखाऱ्यावर भाजलेल्या मिरच्यांचा असा काही वास आला, की मी साडीवर स्वेटर चढवला, फ्रीजमधलं वांगं उचललं आणि वासामागे निघाले. समोरच्या इमारतीच्या मागच्या अंगणात हाच माणूस कोळशाच्या शेगडीवर लाल ढब्बू मिरच्या भाजत उभा होता. पोतंभर मिरच्या होत्या. दाढीचे खुंट वाढलेले, अंगात भोकं पडलेला बनियन, पायात सपाता.

मी काही न बोलता वांगं पुढे केलं आणि निखाऱ्याकडे बोट दाखवलं. त्यानं वांगं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, देठ हुंगलं आणि विचारलं, "काट्यानं टोचू का?"

वांगं भाजण्याआधी टोचायचं असतं हे ज्याला माहीत आहे तो माणूस परका कसा? मी तिथेच पायरीवर बसले. मला घाई. मी सारखी वांगं फिरवायला जायची आणि तो माझा हात अडवून म्हणायचा, "पोलाको, पोलाको." म्हणजे हळू, सावकाश. हा त्याचा पेटंट शब्द. बर्फावरून चालताना पोलाको, गरम चहा पिताना पोलाको, मी मिलिंदवर चिडले की पोलाको.

त्यांच्याकडेही मिरच्या आणि वांगी भाजून, कुटून, वर्षाची बेगमी करून ठेवतात म्हणे. कुठला विचारलं तर म्हणाला, बेलग्रेड. तेव्हा त्या देशाला युगोस्लाव्हिया म्हणत. मी पाठ म्हणावं तसं सांगितलं, "बेलग्रेड. डॅन्यूब आणि सावा या नद्यांच्या संगमावर वसलेलं." तो भाजायचं विसरून माझ्याकडे बघतच राहिला. अमेरिकेत आल्यापासून त्याला सगळ्यांनी एकच विचारलं होतं, की तुमचं गाव रशियात येतं का. मी म्हटलं, "बाबा रे, तुझ्या त्या संगमापायी मी किती पोरींना नापास केलंय!" तो इतका हसला की त्याला खोकला आला.

त्या दिवसापासून तो मला 'माइको' म्हणू लागला. माइको म्हणजे आई. पन्नाशीला आलेला घोडा, पण मला काही वावगं वाटलं नाही. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं इंग्रजी पुस्तकी, तरी आमचं एकमेकांशी जेवढं बोलणं होई तेवढं माझं घरातल्या कुणाशी होत नसे. आता इथे लिहिताना मी त्याला सरळ मराठीतच बोलायला लावते आहे. तो रागावणार नाही.

आठवड्यातल्या एक-दोन दुपारी तो यायचा. बेल वाजवायची नाही, दारावर टकटक करायची, ती मात्र हातानं. स्वयंपाकघरात एक उपडी बादली होती, ती त्याची बैठक. मी मटार द्यायची, तो सोलायचा. लसूण द्यायची, तो सोलायचा. चुकलं की मी शाळेतल्यासारखी बोलायची, "अरे, सालं इकडे नाही, तिकडे!" तो निमूटपणे ऐकायचा. जेवलास का विचारलं की खांदे उडवायचा. जेवला नसायचाच. त्याची बायको त्याला सोडून कधीच दुसऱ्या घरी गेली होती, मूलबाळ नव्हतं. "ती वाईट नव्हती," तो म्हणाला होता. "तिला नवरा हवा होता. मी सगळ्यांचा होतो. श्टा दा से रादी!" म्हणजे काय, तर 'काय करणार!' हे तो अगदी आपल्यासारखंच, हात झटकून म्हणे.

"पूर्वी काय काम करायचास?" मी एकदा विचारलं.

"धावायचो."

"कशाच्या मागे?"

"तेव्हा माहीत होतं," तो म्हणाला आणि मटार सोलत राहिला.

मला वाटलं पोस्टात असेल, नाहीतर कारखान्यात निरोप्या. सध्या त्याच्या गावच्या एका बिल्डरनं त्याला ऑफिसात ठेवला होता. काम काय, तर आलेल्या गिऱ्हाइकाशी हात मिळवायचा. "मला तिथे टेबल आहे," तो सांगायचा. "टेबलावर काही नाही." शनिवार-रविवारी मात्र त्याचा नूर वेगळा. तुळतुळीत दाढी, काळा सूट, चकचकीत बूट. त्याला न्यायला मोठमोठ्या गाड्या यायच्या. माणसं उतरून त्याला मिठ्या मारायची, गालांचे मुके घ्यायची. मला बाई हेवाच वाटे. म्हटलं, केवढं गणगोत आहे याला! आणि मी इथे, दिवसभर दाराची बेल वाजत नाही. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं.

तो म्हणाला, "माइको, तुझी बेल वाजत नाही आणि माझी थांबत नाही. पण घरात दोघं एकेकटेच."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. लागला तो सिंक तुंबलं तेव्हा.

अपार्टमेंटच्या ऑफिसनं प्लंबर पाठवला. चांगला आडदांड, मिशाळ माणूस. हातात पाना घेऊन स्वयंपाकघरात आला, आणि बादलीवर बसून लसूण सोलणाऱ्या स्तोयानला बघून दारातच थिजला. पाना खाली पडला. त्यानं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. स्तोयाननं मान खाली घातली आणि होकार दिला. आणि काय सांगू, तो एवढा थोरला माणूस माझ्या लिनोलियमच्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्यानं स्तोयानच्या डाव्या पायाचा, सपातेसकट, मुका घेतला! आणि ढसाढसा रडायला लागला. मी झारा हातात धरून उभी. स्तोयाननं त्याला खांद्याला धरून उठवलं, दोन्ही गालांवर मिळून तीनदा मुके घेतले, लहान मुलाचं पुसावं तसं त्याचं तोंड पुसलं.

या प्लंबरचं नाव योवान. मग योवाननं मला सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. माझे मसाल्याचे डबे ओट्यावर मांडले, हे समोरच्या एका बलाढ्य देशाचे खेळाडू. हळदीचा डबा गोलकीपर. एक बटाटा घेतला, तो चेंडू. सामना संपत आलेला, बरोबरी, पाऊस, चिखल, आणि आमचा हा स्तोयान धण्याच्या डब्याला चकवून, जिऱ्याच्या डब्याला चकवून, डाव्या पायानं असा काही तडाखा मारतो की बटाटा थेट हळदीच्या डोक्यावरून जाळ्यात! त्या रात्री म्हणे अख्ख्या देशात कुणी झोपलं नाही. योवानचा बाप रेडिओला मिठी मारून रडला होता. त्या वर्षी जन्मलेल्या कितीतरी पोरांची नावं स्तोयान ठेवली, त्यातला एक योवानचा भाचा.

एवढं सगळं झालं आणि योवान सिंक तसंच तुंबलेलं ठेवून, भावाला फोन करायला पळाला.

मी वळून बघितलं तर स्तोयान खिशातून पाकीट मारताना सापडलेल्या माणसासारखा बसला होता. "आता तुला कळलं, माइको," तो म्हणाला.

"काय कळलं? चेंडू खेळायचास, एवढंच ना? लसूण सोल. अर्धा गड्डा राहिलाय."

त्यानं लसूण उचलली. सोलता सोलता बोलायला लागला. एवढा तो कधी बोलला नव्हता. प्रत्येकाला तीच एक संध्याकाळ हवी असते, म्हणाला. लग्नात जेवायला बसलं की घास तोंडाशी नेईपर्यंत कुणीतरी विचारतो, तो पाय कसा फिरवलास? चेंडू समोर दिसला की माणसं थांबतात, मारून दाखव म्हणतात. म्हणून मी चेंडू हातानं उचलतो. आणि फोटो! सगळ्यांच्या भिंतीवर त्यांचा आणि माझा फोटो आहे, माझ्याकडे कुणाबरोबरचा एक नाही. "त्या संध्याकाळनंतर मी इतकी वर्षं जगलो, माइको. दुसऱ्या दिवशी मी काय केलं, हे मला आजवर कुणी विचारलं नाही."

"काय केलंस दुसऱ्या दिवशी?"

तो हसला. "दाढ दुखत होती. आठवडाभर दुखत होती, खेळतानासुद्धा. दाताच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं दाढ काढली आणि म्हणाला, ही मी ठेवून घेतो, आठवण म्हणून. अजून असेल त्याच्या कपाटात."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

आता सिंक तुंबलेलं का राहिलं, हे घरात सांगणं भागच होतं. मिलिंदनं चमचा खाली ठेवला. "आई, तो स्तोयान? आपल्या किचनमध्ये बसतो तो? अगं, इंटरनॅशनल लेव्हलचं नाव असेल हे!" मिलिंदला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, आमच्याकडे सगळं क्रिकेट. पण प्रसिद्ध म्हटलं की आपल्या लोकांना खेळ कळायची गरज नसते. त्यानं लगेच दामल्यांना फोन लावला.

दामले म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. माणूस मनानं चांगला, कुणाच्या घरी अडचण असली तर मध्यरात्री गाडी काढेल. पण त्यांना सत्कार करायची भारी हौस. आदल्या गणपतीत प्रमुख पाहुणा मिळाला नाही, तर त्यांनी स्वतःच्या मेव्हण्यालाच शाल घातली होती.

"काकू, ग्रँड सत्कार करू या!" दामले दुसऱ्या दिवशी घरी हजर. "आपल्या मंडळाची शान वाढेल."

"अहो, तो माझ्याकडे बादलीवर बसून मटार सोलतो. घरच्या माणसाचा कसला सत्कार करताय?"

"तेच तर! केवढं मोठेपण! भाषणात घालतो मी हे." आणि त्यांनी खरंच टिपून घेतलं.

मी स्तोयानला बजावलं, नाही म्हणून सांग. त्यानं खांदे उडवले. "मला पायानं सगळं करायला शिकवलं लोकांनी," म्हणाला, "तोंडानं नाही म्हणायला कुणी शिकवलं नाही."

त्या वर्षीच्या गणपतीसाठी शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. आरती झाली, लहान मुलींचा नाच झाला, आणि दामले माइकवर आले. 'बाल्कनच्या रणमैदानावरचा सिंह' इथून जे सुरू झाले ते थेट शिवाजीमहाराजांपर्यंत पोचले. स्तोयान काळ्या सुटात, हात जोडून उभा. शाल खांद्यावरून घसरत होती, नारळ कुठे धरावा ते त्याला कळत नव्हतं, त्यानं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. मी पहिल्या रांगेत. एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं, मी 'पोलाको' अशी ओठांची हालचाल केली. त्याच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला.

मग दामल्यांनी कोरा करकरीत फुटबॉल आणला आणि त्याच्या पायाशी ठेवला. "सर, वन किक फॉर अस!" सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मला वाटलं, आता हा वाकेल आणि चेंडू हातानं उचलेल. देवा, उचल रे, उचल, असं मी मनात म्हणत होते.

तो वाकला नाही. नारळ त्यानं दामल्यांच्या हातात दिला, एक पाऊल मागे गेला आणि चेंडू मारला. फार जोरात नाही. चेंडू सगळ्या डोक्यांवरून तरंगत गेला आणि मागच्या दारावरच्या 'एक्झिट'च्या पाटीवर बरोबर मधोमध लागला. लोक उभे राहिले. शिट्ट्या काय, टाळ्या काय! आणि स्तोयान हसला. मोठं, सगळे दात दाखवणारं, छान हसू. इतके महिने तो माझ्या घरी येत होता, पण तसं हसू मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

पुढे व्हायचं तेच झालं. "काकू, स्तोयान येणारेत का शनिवारी? आम्ही सहज डोकावलो असतो." "काकू, माझा भाऊ ह्यूस्टनहून आलाय, त्याला फक्त एक फोटो..." आमच्या घरी इतकी माणसं कधी आली नव्हती. स्तोयान आला की मिलिंद त्याला सोफ्यावर बसवी. शुभदा काचेच्या प्लेटी काढी. कुणीतरी ती गोष्ट विचारी, आणि तो ती सांगे, पाय कसा फिरवला तेही दाखवी. बादली बाथरूममध्ये गेली. मी स्वयंपाकघरात एकटी लसूण सोलत त्याचा आवाज ऐकायची. तो आवाजसुद्धा निराळा होता, सोफ्यावरचा.

मग हळूहळू तो यायचा थांबला. आधी गुडघा दुखतोय, मग काम आहे, मग नुसतंच नाही. थंडी पडली, बर्फ साचलं. मी खिडकीत उभी राहिले की शनिवारी तो दिसायचा, काळा सूट, लोकांच्या गाड्या. एरवी पडदे लावलेले. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? आणि रागही येत होता, सगळ्यांचाच. या देशात मला एक माणूस मिळाला होता, तोही यांनी स्टेजवर नेऊन ठेवला.

एका दुपारी मी मिलिंदचे बर्फात घालायचे बूट घातले, पायात तीन जोड मोजे कोंबून. काठी घेतली. आमच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत फार अंतर नव्हतं, पण निसरडं असं की एकेक पाऊल टाकताना रामरक्षा म्हटली. दार वाजवलं, हातानंच.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. कोट चढवत आला होता, दाढी केलेली, केस विंचरलेले. त्यानं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"कोण कोण आलंय?"

"कोणी नाही. मी आलेय."

"फोटोवाले?"

"अरे बाबा, मी एकटीच आहे. आत घे, नाहीतर इथेच गोठेन."

आत बसलो. घर स्वच्छ, रिकामं. भिंतीवर काही नाही. मला त्यानं कॉफी करून दिली, ती त्यांची, तळाशी चिखल असलेली. मग तो म्हणाला, "माइको, पूर्वी तुझ्याकडे मी दाढी न करता येत होतो."

एवढंच बोलला. अख्ख्या अमेरिकेत या माणसाला दाढी न करता जाता येईल असं एक घर होतं, आणि ते आमचं होतं.

मी घरी आले. रात्री मिलिंद-शुभदा जेवायला बसले तेव्हा मी वाढायला उठले नाही. "ऐका," मी म्हटलं. "यापुढे स्तोयान या घरात असेल तेव्हा दुसरा कोणी पाहुणा यायचा नाही. दामले नाही, त्यांचा मेव्हणा नाही, ह्यूस्टनचा भाऊ नाही."

"आई, असं कसं? पुढच्या संडेला दोन फॅमिलीज येणारेत. मी कसं कॅन्सल करू? लोक काय म्हणतील?"

"कॅन्सल कर. नाहीतर माझं अमरावतीचं तिकीट काढ."

मी शाळेत ज्या आवाजात बोलत असे त्याच आवाजात बोलले. मिलिंदनं लहानपणी तो आवाज ऐकलेला आहे. त्यानं खाली बघून भात कालवायला घेतला. शुभदा मात्र उठली, बाथरूममध्ये गेली आणि बादली स्वच्छ पुसून तिनं स्वयंपाकघरात आणून उपडी ठेवली. सून म्हणून मी तिला कितीही नावं ठेवली असतील, त्या दिवसानंतर नाही ठेवली.

तो परत यायला लागला. लगेच नाही, पोलाको. आधी दाढी करून, मग अर्धी करून, मग खुंटांसकट. गुडघा फार दुखायचा त्याचा, जिना चढताना थांबायचा, छातीवर हात ठेवायचा. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणे, डॉक्टर आधी सही मागतो, मग नाडी बघतो. दारू आणि सिगरेट मात्र त्यानं केव्हाच सोडली होती. मांसही खाववत नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, कारण मी विचारायची. यात माझं काही मोठेपण नाही. दिवसभर घरात असलेली म्हातारी बाई आणखी काय विचारणार?

असं दोन-एक वर्षं चाललं. मग एका वसंतात तो गेला. शिकागोत कुणाच्या तरी लग्नात, नवरानवरीच्या मधे फोटोसाठी उभा असताना खुर्चीवर बसला. दमला असेल म्हणून लोकांनी तसाच फोटो काढून घेतला. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं. योवाननं मला फोन करून सांगितलं.

अंत्यविधीला मी मिलिंदबरोबर गेले. त्यांचं चर्च माणसांनी फुलून गेलं होतं, बाहेर रस्त्यावर रांगा. म्हातारे क्लबचे मफलर घालून आलेले, तरुण पोरं, ज्यांनी त्याला खेळताना पाहिलेलंही नव्हतं, तीही रडत होती. लोकांनी ते सगळे भिंतीवरचे फोटो उतरवून आणले होते. जो तो एकमेकांना तीच संध्याकाळ सांगत होता. एवढी माणसं माझ्या आयुष्यात कुणाच्याही मयताला मी पाहिली नाहीत. आणि मला सारखं वाटत होतं, याला परवा घरात जेवायला एकट्यानं पाव खावा लागला असेल.

निघताना योवान माझ्याजवळ आला. त्यांच्यात चाळिसाव्या दिवशी कबरीवर जायचं असतं, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते खाणंपिणं तिथे ठेवायचं असतं. आपल्याकडे पिंडाजवळ ठेवतो ना, तसंच. योवान गोंधळून गेला होता. "मी सगळ्यांना विचारलं," तो म्हणाला. "कुठल्या मिनिटाला गोल मारला, कुठल्या बुटानं मारला, सगळ्यांना माहीत आहे. त्याला काय आवडायचं ते कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं आलुबुखाराची दारू, कुणी म्हणतं भाजलेलं कोकरू. मग मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं."

"मी घेऊन येते," मी म्हटलं.

चाळिसाव्या दिवशी माणसं थोडी होती, वीसेक असतील. वारा बोचरा होता. धर्मगुरूनं मंत्र म्हटले, कबरीवर वाईन ओतली, गोड शिजवलेले गहू सगळ्यांना चमचा चमचा दिले. मग लोकांनी आणलेलं मांडलं. दारूच्या बाटल्या, सिगरेटची पाकिटं, कोकराचं मांस. मी पिशवीतून स्टीलची वाटी काढली, वरचं झाकण काढलं. एक म्हातारा, अंगात जाड ओव्हरकोट, कोकराचं ताट त्यानंच आणलेलं, वाटीत डोकावला आणि त्यानं योवानला विचारलं, हे काळपट, चिकट काय आहे?

मी योवानला सांगितलं. दूध आटवून आम्ही गोड करतो. ते काढून घेतल्यावर भांड्याच्या बुडाला जे करपून चिकटतं, ते चमच्यानं खरवडून काढायचं. याला आम्ही खरवड म्हणतो. स्तोयानला ती फार आवडायची. भांडं मांडीवर घेऊन, चमच्यानं खरडून, आवाज करत खायचा. वाटीतलं चांगलं दूध दिलं तर नको म्हणायचा.

योवाननं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. तो म्हातारा लालबुंद झाला. माझ्याकडे बघत मोडक्या इंग्रजीत ओरडलाच, "आमच्या स्तोयानला तुम्ही भांड्याची खरवड खायला घालत होतात?"

"हो," मी म्हटलं. "चांगलं दूध आम्ही पाहुण्यांना देतो. खरवड घरच्या मुलाला."

योवान तेही त्याला समजावून सांगायला लागला. अर्ध्यावरून पुढचं त्यानं डोळे पुसत पुसत पुरं केलं. म्हातारा ऐकत उभा राहिला. मग खाली वाकला, आपलं कोकराचं ताट दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं आणि माझ्या वाटीला जागा करून दिली.